दिगूभावजी गाणं सोडतात

जगात माणसं गाणं म्हणतात, वाजवतात, लावतात, आणि काहीच जमलं नाही तर गुणगुणतात. आमचे दिगूभावजी गाणं सोडतात. एसटी सोडतात तसं. आधी मोबाइल बघायचा, मग खुर्चीत ताठ बसायचं, एक खटका खाली ओढायचा आणि ओसरीवर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचं, "सुटली!"

काय सुटली, कुठून सुटली, कुठं चालली, काही विचारू नका. मी विचारून विचारून दमले.

दिगूभावजी म्हणजे माझे धाकटे दीर, दिगंबर. आमचं घर मुठा गावात. पुढं आम्ही राहतो, मागं गोठा आहे, आणि गोठ्याला लागून जी पूर्वी भाताच्या पोत्यांची खोली होती, तिच्यात भावजी आणि त्यांची यंत्रं राहतात. पिरंगुटच्या एका कारखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं पॅनेलचं वायरिंग केलं, आणि तिथून सुटल्यावर घरी येऊन तेच पुन्हा सुरू केलं, फक्त आवाजासकट. अंगानं शेवग्याची शेंग, पँट बेंबीच्या वर, शर्टाच्या खिशात टेस्टर. देवळात जाताना चप्पल काढतील, पण टेस्टर काढणार नाहीत. बोलणं तर काय सांगू? "जेवलात का?" "व्हय." "भाजी कशी झाली होती?" "झाली व्हती." झालं, संपलं संभाषण.

लग्न झालं होतं त्यांचं. मंगल नाव तिचं. चांगली होती बिचारी, बोलकी होती, आणि तीच तिची अडचण झाली. भिंतीशी किती दिवस बोलणार? एकदा माहेरी म्हणून एसटीत बसली ती परत आलीच नाही. पुढं रीतसर सोडचिठ्ठी झाली, तिचं दुसरं लग्न झालं, आता भोरकडं असते, दोन मुलगे आहेत. कुणी कुणाला शिव्या घातल्या नाहीत. भावजी त्याविषयी कधी चकार शब्द बोलले नाहीत. पण ते कशाविषयीच बोलत नसल्यामुळं आम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

तर ती खोली. दार उघडलं की सबस्टेशनात आल्यासारखं वाटतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वायरी, बटणं, दिवे. एक कीबोर्ड आहे, तो एका मोडलेल्या बेंजो पार्टीकडून आणलेला. बाकीचे डबे भावजींनी भंगारातून स्वतःच्या हातांनी जोडलेत. त्यातल्या एका डब्यावर आठ दिवे ओळीनं पेटत जातात, आणि आठवा पेटला की पुन्हा पहिला. हे मी बराच वेळ बघत उभी राहिले एकदा. माझी मान दुखली, दिवे थांबले नाहीत.

"भावजी, हे काय आहे?" मी विचारलं.

आणि काय आश्चर्य, भावजी बोलले. "वैनी, पंगत समजा. आठ पानं मांडल्यात. वाढपी ह्या टोकानं निगाला. ह्याला बुंदी वाढली, त्येला भात, त्येला नुसतं मीठ, एक पान रिकामंच ठिवलं. त्या टोकाला पोचला की परत ह्या टोकाला. मी काय करतो, मधीच एकाची बुंदी कमी करतो, रिकाम्या पानावर वाईच आमटी घालतो. पंगत तीच, पर जेवाण बदलत जातं."

"बरं. आणि गाणं कधी सुरू होतं?"

"ह्येच गाणं हाय."

"आणि पंगत उठते कधी?"

"पोचली की."

बघा आता. एवढं समजावून सांगितलं आणि शेवटी परत पहिल्या पानावर आणून बसवलं.

खोटं कशाला बोलू, ऐकायला वाईट नाही ते. खाली त्या आठ सुरांची पळापळ चाललेली असते, धडधड धडधड, आणि वरून एक लांबलचक सूर येतो, खिंडीच्या पलीकडून कुणीतरी हाळी देत असावं तसा. मध्येच तो सूर वळण घेतो आणि मी उगाच दाराकडं बघते. पण शब्द नाहीत, ठेका धरावा तर धरता येत नाही, टाळी कुठं द्यायची ते समजत नाही. मी भाकरी थापता थापता वाट बघत बसते, की आता सुरू होईल, आता सुरू होईल. भाकऱ्या संपतात. गाणं सुरू होत नाही.

सुरुवातीला तर वरच्या आळीतली एक बाई गव्हाचा डबा घेऊन आली होती. तिला वाटलं, आम्ही गिरणी टाकली.

शिवाय भावजींचा आतून पुकारा चालू असतो. माणसांशी न बोलणारा माणूस त्या यंत्रांपाशी बसला की कंडक्टर होतो. "चंद्राचा थांबा गेला." "गुरूपाशी गर्दी हाय, हळू घेऊ." "शनी आला, शनी." हे शनीचं शेजारच्या हिराबाईंनी ऐकलं मात्र, त्या कमरेवर हात ठेवून माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "अगं, घरात कशापाई बोलिवताय त्याला? आदीच काय कमी हाय का?" आणि पुढच्या शनिवारी सकाळी बघते तर खोलीच्या दाराला रुईच्या पानांची माळ आणि उंबऱ्यावर तेल! भावजी त्यावरून घसरले. उठून बसले, तेलाचा वास घेतला आणि म्हणाले, "शेंगदाण्याचं हाय." दुसरं काही नाही.

आमच्या खोऱ्यात आता शहरातल्या लोकांचे बंगले झालेत, शनिवार-रविवारचे. त्यातले एक केस बांधलेले साहेब एकदा फिरता फिरता आमच्या कुंपणापाशी डोळे मिटून उभे राहिले. मला वाटलं, चक्कर आली. पाणी घेऊन धावले तर ते म्हणाले, "ताई, हे कोण करतंय? हे असं संगीत करणारी माणसं फार थोडी असतात." मी म्हटलं, हो, आमच्याकडं एकच आहे. त्यांनी भावजींना बंगल्यावर बोलावलं. मित्र येणार होते, चांदण्यात बसून ऐकणार होते. भावजींनी त्यांना ताक दिलं आणि विचारलं, "कोन निगालंय का कुटं?"

"निघालंय म्हणजे?"

"म्हंजी गावाला बिवाला. कोनी चाललंय का?"

"नाही हो, सगळे इथंच असतील."

"मंग कशापाई सोडायची?" असं म्हणून भावजी आत गेले. ते साहेब ताकाचा ग्लास हातात धरून माझ्याकडं बघत राहिले, मी त्यांच्याकडं. तसे आम्ही दोघंही शिकलेले.

पण हेच भावजी पोलीस पाटलांच्या पुतण्याच्या हळदीला मात्र गेले. हळदीला ठरवलेल्या बेंजो पार्टीचा कीबोर्डवाला ऐन वेळी आजारी पडला. कुणीतरी म्हणालं, दिगूकडं पेटी हाय की. रविवार होता. भावजी आधी नाहीच म्हणत होते. मग मोबाइल बघितला आणि म्हणाले, "चला. तितंच बसून सोडतो."

तिथं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नवरदेव पाटावर, अंगाला हळद, पोरं रुमाल काढून तयार. आणि भावजींनी सोडली. आधी नुसता एकच सूर, खालचा, घुमणारा. आमच्याकडं असा सूर लागला की त्याच्यामागून काय येतं, हे लोकांना जन्मापासून ठाऊक. म्हाताऱ्यांनी टोप्या सारख्या केल्या, मांड्या घातल्या. बायकांनी पदर घेतले. कुणीतरी समई आणून ठेवली. पोरांनी रुमाल खिशात घातले आणि हात जोडून बसली. अहो, हळदीची भजनाची बैठक झाली! दीड तास सगळे डोळे मिटून बुवांची वाट बघत होते. नवरदेवाची हळद वाळून पापुद्रे निघाले, तो कुजबुजत मला म्हणाला, "काकू, नाचायचं कवा?"  आणि अचानक भावजींचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, "बरं" म्हणाले, खटका वर केला. मधोमध, तोडून. "पोचली," असं म्हणाले आणि पंगतीत जाऊन मसालेभात जेवले. म्हातारी मंडळी म्हणाली, बरं झालं, पण अभंग कुटला व्हता?

घरी आल्यावर मी फैलावर घेतलं. "काय हो, लोकांनी हौसेनं बोलावलं, आणि तुम्ही मध्येच बंद करून उठलात?"

"मधी न्हाई वैनी. पोचली व्हती."

कपाळ माझं!

एक गाणं पाऊण तास, एक दोन तास. शनिवारी संध्याकाळी एक असतंच. रविवारी संध्याकाळचं नेहमी लांब. पावसाळ्यात तर संपता संपत नाही. यात काही हिशोब असेल असं माझ्या डोक्यात सुद्धा आलं नाही. वेड्याच्या कामात कोण हिशोब शोधतो? मला माझे व्याप. शनिवार-रविवार माझी लेक घरी असते, तिचं खाणंपिणं असतं. अश्विनी हिंजवडीला नोकरी करते आणि तिथंच जवळ जांब्याला तीन मुलींत खोली घेऊन राहते. शनिवारी स्कूटीवरून येते, रविवारी संध्याकाळी डबे भरून घेऊन जाते. पोचली की मला फोन करते. आमचं भावजींसारखं गाडीबिडीचं काही नाही, साधं 'पोचले गं आई', आणि मी 'जेव' म्हणून ठेवते. लहानपणापासून ती भावजींच्या खोलीत कोंबड्यांच्या उपड्या डालग्यावर बसून ते सगळं ऐकायची. त्यांना नाना म्हणते. तिला कळतं म्हणे त्यातलं. असेल. माझ्यावर गेलेली नाही ती.

तर आता मुद्द्याचं सांगते. अश्विनीचं लग्न ठरलं. मुलगा बावधनचा, माणसं चांगली, पण जरा बारकाईनं बघणारी. लग्न आमच्या दारात करायचं ठरलं. मांडव अंगणात, स्वयंपाक परसात, आणि विहीणबाई आणि त्यांच्याकडच्या बायकांना बसायला, साड्या बदलायला भावजींची खोली. घरात तेवढी एकच मोठी खोली रिकामी करण्यासारखी होती. आमचे हे भावजींना म्हणाले, "दिगू, चार दिस गोठ्यात न्हे बाबा तुजा संसार." भावजी लगेच "व्हय" म्हणाले. मुकाट्यानं सगळं सोडवलं, गोठ्यात ताडपत्रीखाली नेऊन पुन्हा जोडलं. मला इतकं बरं वाटलं! खोली सारवून घेतली, चुना दिला, आणि मग बघते तर कोनाड्यात एक डबा तसाच.

त्या डब्याची आणि माझी जुनी दुश्मनी. भावजींचा सगळ्यात पहिला डबा तो. एक तांबडा दिवा आणि एकच आवाज, हूं. डब्यात भुंगा कोंडल्यासारखा. रात्रंदिवस. बाकीची यंत्रं कधी चालू कधी बंद, हा मात्र कायम चालू. लाइट गेली की भावजी काय करायचे? आमच्याकडं इन्व्हर्टर आहे, लहानसा, एक फ्रीज कसाबसा ओढतो. दुसरं काही लावलं की कुईकुई करतो आणि झोपतो. तर भावजी गुपचूप येऊन फ्रीजची पिन काढायचे आणि डब्याची लावायचे. दोनदा माझं दूध नासलं. तिसऱ्यांदा मी लाटणं घेऊन उभी राहिले. "परत फ्रीजला हात लावलात तर मीच तुमच्या डब्यात पाणी ओतीन!" तेव्हापासून ते ट्रॅक्टरची बॅटरी वापरतात आणि हे ट्रॅक्टरवर बसून नशिबाला शिव्या देतात.

"हा राहिला भावजी," मी म्हटलं.

"त्यो आसूंद्या हितंच. बारका तर हाय."

"इथं विहीणबाई साड्या बदलणार, आणि कोनाड्यात हा तांबडा डोळा करून हूं म्हणत बसणार? काय म्हणतील त्या? बंद करा आणि न्या."

"बंद न्हाई करायचा."

"दोन मिनिटं हो! काढायचा, तिकडं लावायचा."

"दोन मिंटं बी न्हाई."

मला असा राग आला! लेकीचं लग्न तोंडावर, आचारी यायचा, बस्त्याच्या पिशव्या तशाच पडलेल्या, आणि हा माणूस एका भुंग्यापायी अडून बसलेला. मी सांगून टाकलं, "उद्या सकाळपर्यंत हा इथून हलला नाही, तर मी स्वतः पिन उपटणार. माझ्या पोरीच्या लग्नात मला तमाशा नको."

भावजींचा चेहरा उतरला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. "वैनी, पाया पडतो. तेवडं नगा करू. गाडी वाटंत हाय."

"कुठली गाडी? कसली गाडी? कुठल्या वाटेत?"

भावजी चुना दिलेल्या भिंतीकडं बघत उभे. मी तणतणत बाहेर आले, पण खरं सांगू, घाबरले होते. वेड लागलं की काय माणसाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी काय बघावं? ट्रॅक्टरची बॅटरी ढकलगाडीवर. भावजींनी आधी तिची वायर डब्याला जोडली, मग भिंतीतली पिन काढली. एक धरल्याशिवाय दुसरं सोडायचं नाही, ही त्यांची कामाची पद्धतच. आणि सलाइनची बाटली धरून पेशंट नेतात तसा तो डबा उराशी धरून, गाडी पायानं ढकलत, हूं हूं करत अंगणातून गोठ्यात नेला. मांडववाली पोरं हसायला लागली. तेवढ्यात हे ओरडत आले, की पाण्याचा टँकर आणायचाय आणि ट्रॅक्टर चालू होत नाही. मी तोंड फिरवून घेतलं. सांगते कशाला? बॅटरी परत घेतली असती तर तो डबा पुन्हा विहीणबाईंच्या खोलीत आला असता. टँकर शेवटी शेजारच्यांच्या ट्रॅक्टरनं आणला.

लग्न झकास झालं. विहीणबाईंना खोली आवडली, "किती शांत आहे हो इथं" म्हणाल्या. मी म्हटलं, हो, आमच्याकडं शांतच असतं. भावजी अक्षता टाकायला तेवढे आले. नवा सदरा, खिशात टेस्टर. टाळ्या पडल्या आणि लगेच गोठ्याकडं पळाले. सख्ख्या पुतणीचं लग्न, आणि चुलता म्हशीशेजारी! मी ताट घेऊन गेले तर बॅटरीला हात लावून बसले होते, ताप बघतात तसा.

उन्हं उतरल्यावर पाठवणी झाली. तुम्हाला माहीतच आहे ते कसं असतं. मी रडले, हे रडले, हिराबाई तर माझ्याहून जास्त रडल्या. अश्विनी गाडीत बसायच्या आधी शालू सावरत मागं गोठ्यात गेली, नानांच्या पाया पडायला. परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले. गाडी हलली. अंगणात सगळ्या बायकांच्या तोंडात पदराचे बोळे. आणि मागून आवाज आला.

"सुटली!"

आणि लागली की हो धडधड! आठ पानांची पंगत! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पाहुण्यांतली एक आजी म्हणाली, "बँडवाले गेले न्हाईत व्हय आजून?" मी पदर खोचून निघालेच होते गोठ्याकडं, पण बायकांनी धरलं, म्हणाल्या, आज नको बाई.

म्हणून मग भांडी घासायला बसले. रागानं घासत होते. एकेक करून पाहुणे गेले, अंगण मोकळं झालं, आणि ते चालूच. त्या दिवशी तो वरचा सूर काय लागला होता, सांगता येत नाही. नेहमी हाळी दिल्यासारखा, पण त्या दिवशी कुणी हाळी देत देत मागं मागं चाललंय असं वाटत होतं. दिवेलागणीला तो एकदम थांबला. मधोमध, तोडून. मी म्हटलं, सुटले बाई.

आणि माझा फोन वाजला. अश्विनी. "पोचलो गं आई. चांदणी चौकात किती वेळ अडकलो होतो. आत्ता दारात आहोत, माप ओलांडायचंय अजून."

"आधी घरात जा की! माप ओलांडून मग करायचास फोन."

"अगं, नानांना केला, म्हणून म्हटलं तुलाही करावा."

"नानांना? कशाला?"

"कशाला म्हणजे? मी सांगितल्याशिवाय ते बंद करत नाहीत ना."

माझ्या हातात तांब्या होता. तो तसाच राहिला. "काय बंद करत नाहीत?"

"गाणं, आई! मी निघाले की सोडतात, पोचले की थांबवतात. कॉलेजला जायला लागले तेव्हापासून. दर वेळी आधी त्यांना फोन करते, मग तुला. तुला खरंच माहीत नव्हतं?"

मागं सनई वाजत होती, कुणीतरी तिला हाक मारत होतं. तिनं फोन ठेवला.

मी तिथंच पायरीवर बसले. शनिवारचं गाणं, रविवारचं लांबलचक गाणं, पावसाळ्यातलं न संपणारं गाणं. हळदीत मधोमध तोडलेलं. ते चंद्र, गुरू, शनी हे सगळे तिच्याच वाटेवरचे थांबे असणार. पोरगी रस्त्यावर असेतो हा माणूस खुर्चीतून उठत नव्हता आणि मी इकडं भाकऱ्या थापत गाणं सुरू व्हायची वाट बघत होते.

उठून गोठ्यात गेले. भावजी वायरी गुंडाळत होते. सगळी यंत्रं थंड झालेली. फक्त तो एक डबा, तांबडा दिवा आणि हूं. मी विचारलं, "भावजी, अश्विनी पोचली. मग ही कुणाची गाडी?"

ते वायर गुंडाळत राहिले. 

"मंगलची," ते म्हणाले.

त्यांनी दुसरी वायर उचलली.

"थांब्यावर सोडाया गेल्तो. म्हनली, पोचल्यावर दुकानात फोन करते. तवा गावात येकच फोन व्हता, दुकानात. तितं बसलो. दुकान बंद व्हईस्तवर बसायचो. रोज. मंग वाणी कटाळला. म्हनून घरी येऊन ह्यो केला. म्हटलं, फोन आला की बंद करू."

"अहो, ती पोचली हो भावजी! केव्हाच पोचली. तिचं लग्न झालं, दोन मुलगे आहेत तिला."

"ठावं हाय की. समद्यांनी सांगितलं." त्यांनी वायरीला गाठ मारली. "तिनं न्हाई सांगितलं."

 तुम्हीच सांगा. हे शहाणपण म्हणावं की वेड, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.  आणि तेवढ्यात लाइट गेली.

अंधारात तो तांबडा दिवा तेवढा दिसत होता. जुनी बॅटरी, दोन दिवस चालून चालून दमलेली, चार्जरवर कशीबशी तगून होती, आणि चार्जर लाइटवर. हूं बसायला लागला. घसा बसतो तसा. खाली गेला, आणखी खाली, मध्येच थरथरला. भावजी खाली वाकून बॅटरीची टोकं चाचपडायला लागले. दुसरी बॅटरी नव्हती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. फ्रीजचं नाव काढायची त्यांची छाती नव्हती. लाटणं मी दाखवलेलं होतं ना.

मी पळाले. लग्नातल्या नव्या साडीचा काठ पायात आला, तरी पळाले. मांडववाल्याची लांब वायर अजून अंगणात पडलेली होती, ती ओढत स्वयंपाकघरात गेले, फ्रीजची पिन उपटली आणि वायरीची लावली. दुसरं टोक घेऊन गोठ्यात आले. "घ्या! जोडा लवकर!"

त्यांच्याकडून पिन बसेना. जन्मभर वायरिंग केलेल्या माणसाकडून! "वैनी, ह्ये धरा," म्हणाले, आणि खिशातला टेस्टर काढून माझ्या हातात दिला. मी एका हातात टेस्टर, दुसऱ्या हातात मोबाइलचा उजेड धरला. एक धरलं, मग दुसरं सोडलं. हूं पार तळाला गेला होता, तिथून हळूहळू वर आला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

"आली का गाडी रस्त्यावर?" मी विचारलं.

"व्हय," भावजी म्हणाले. आणि माझ्या हातातला टेस्टर घेऊन खिशात ठेवत म्हणाले, "जेवलात का वैनी?" लग्न होऊन मी या घरात आल्यापासून त्यांनी मला हे पहिल्यांदा विचारलं.

रात्रभर लाइट आली नाही. सकाळी ह्यांनी फ्रीज उघडला आणि बोंब ठोकली. लग्नातली उरलेली बासुंदी, मोठं पातेलं भरून, आंबून फेसाळली होती. "आगं, येवडी बासुंदी! इन्वर्टर व्हता की!"

"होता," मी म्हटलं.

"मंग?"

"गाडी वाटंत हाय अजून."

"कुठली गाडी?" हे म्हणाले. "कसली गाडी? कुठल्या वाटंत?"

मी पातेलं उचललं आणि मागं घासायला नेलं. जाता जाता गोठ्यात डोकावले, तांबडा दिवा चालू होता.